मारकडवाडीचं लीड : एका गावाच्या मतदानाचं प्रकरण

सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी हे गाव नोव्हेंबर 2024 पर्यंत तालुक्याबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. 23 नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला, माळशिरसमधून राष्ट्रवादी शरदचंद्र पवार गटाचे उत्तमराव जानकर 13 हजार 147 मतांनी निवडून आले, भाजपचे त्या वेळचे आमदार राम सातपुते पडले. आपला माणूस आमदार झाला म्हणजे गुलाल उधळायचा, विषय संपला. पण मारकडवाडीत गुलालाच्या आधी चर्चा सुरू झाली ती गावातल्या बूथच्या आकड्यांची. सातपुतेंना 1003 आणि जानकरांना 843. म्हणजे तालुक्यात जानकर जिंकले आणि जे गाव त्यांचं म्हणून ओळखलं जायचं तिथे ते 160 मतांनी मागे. गावातल्या जानकर गटाला हे पटेना. "आम्ही मतं दिली ती गेली कुठं" असा तो सूर होता, आणि त्यातून गावाने ठरवलं की आपणच बॅलेट पेपरवर परत मतदान घेऊ, सगळ्या देशाला दाखवू. तारीख ठरली 3 डिसेंबर.

पुढचं बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिलं. गावाने तहसीलदारांकडे अर्ज दिला, खर्च आम्ही करतो, तुम्ही फक्त अधिकारी द्या म्हणाले, प्रशासनाने नकार दिला कारण असं मतदान घ्यायची कायद्यात सोयच नाही. मग प्रांतांनी जमावबंदी लावली, गावात पोलीस आले, आणि मतदान सुरू व्हायच्या तोंडावर जानकरांनी ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्यासह बऱ्याच गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. 8 डिसेंबरला शरद पवार गावात आले, दोन दिवसांनी त्याच गावात गोपीचंद पडळकर, सदाभाऊ खोत आणि राम सातपुते यांची उलटी सभा झाली. एक वाडी, आणि तिथे आठवडाभरात राज्यातले मोठे पुढारी.

तेव्हापासून या गावाबद्दल दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, मशीनमध्ये घोळ झाला. दोन, हरलेल्या आघाडीने रचलेलं नाटक. मला दोन्ही पुरत नाहीत. मशीन घोळ करते का हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याच्या आधी एक प्रश्न येतो जो कुणी नीट विचारला नाही : एखाद्या गावाला आपण सगळ्यांनी मिळून किती मतं कुणाला दिली हे इतकं पक्कं माहीत कसं असतं? मत तर गुप्त असतं ना. हे प्रकरण मी या बाजूने उलगडून बघतो.

पक्ष नाही, गट

माळशिरस तालुक्याचं राजकारण समजून घ्यायचं तर पक्षांची नावं थोडा वेळ बाजूला ठेवावी लागतात. इथे कितीतरी दशकं एकच प्रश्न राहिलाय, तुम्ही अकलूजच्या बाजूचे की अकलूजच्या विरोधातले. अकलूज म्हणजे मोहिते पाटील घराणं. शंकरराव मोहिते पाटलांनी साखर कारखाना उभा केला, त्याच्याभोवती शिक्षण संस्था, बाजार समिती, बँक, दूध असं सगळं जाळं वाढलं, विजयसिंह मोहिते पाटील 1980 पासून या मतदारसंघाचे आमदार राहिले, पुढे उपमुख्यमंत्री झाले. ज्याचा ऊस कारखान्याला जातो, ज्याची पोरं संस्थेत शिकतात किंवा नोकरीला आहेत, ज्याचं कर्ज गावच्या सोसायटीतून निघतं, त्याच्या घरात मतदानाचा विषय फार लांबत नाही. आणि ज्याचं या जाळ्यात काही अडलं, ऊसतोड वेळेवर आली नाही, सोसायटीत नाव लागलं नाही, पोराला घेतलं नाही, तो विरोधी गटात जातो. हा विरोधी गटसुद्धा तेवढाच जुना आणि तेवढाच घट्ट आहे. 2009 च्या पुनर्रचनेत मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला, त्यामुळे मोहिते पाटलांना स्वतःला उभं राहता येईना, पण उमेदवार कोण हे ठरवण्यात अकलूजचा शब्द चालत राहिला. वेळापूरचे उत्तमराव जानकर हे त्या विरोधी बाजूचं मोठं नाव. धनगर समाजात त्यांचं वजन, आणि मारकडवाडीत धनगर समाजाची वस्ती मोठी.

आता पक्ष यात कसे फिरले ते बघा. 2019 ला रणजितसिंह मोहिते पाटील भाजपमध्ये गेले, अकलूजने ताकद लावली आणि माळशिरस ज्यात येतं त्या माढा लोकसभा मतदारसंघातून भाजपचे रणजितसिंह नाईक निंबाळकर खासदार झाले. त्याच वर्षी विधानसभेला भाजपकडून सातपुते उभे, पाठीशी मोहिते पाटील, समोर राष्ट्रवादीच्या तिकिटावर जानकर. जानकर 2590 मतांनी पडले, म्हणजे थोडक्यात गेले, पण मारकडवाडीत मात्र त्यांना सातपुतेंच्या कितीतरी पट मतं होती. मग 2024 उजाडलं. लोकसभेच्या तोंडावर धैर्यशील मोहिते पाटील भाजप सोडून पवारांकडे आले, आणि ज्यांनी जन्मभर अकलूजविरुद्ध राजकारण केलं ते जानकर त्यांच्यासोबत एका स्टेजवर आले. जानकरांनी येऊ नये म्हणून भाजपने शेवटपर्यंत प्रयत्न केले, देवेंद्र फडणवीसांशी त्यांची भेटही झाली, पण ते फिरले नाहीत. धैर्यशील मोठ्या फरकाने जिंकले, माळशिरस तालुक्याने त्यांना भरघोस लीड दिलं, मारकडवाडीतही ते पुढे होते.

म्हणून नोव्हेंबरला गावातल्या कार्यकर्त्यांचा हिशोब अगदी सरळ होता. जानकरांची मतं तर आपलीच, त्यात आता मोहिते पाटलांची मतं जमा झाली, म्हणजे गाव एकतर्फी प्लसमध्ये. हा हिशोब मनात पक्का असलेल्या माणसासमोर 843 हा आकडा आला तर त्याला धक्का बसणारच. त्या धक्क्याची टिंगल करणाऱ्यांना गावाकडची निवडणूक माहीत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

बेरीज का चुकू शकते

पण बेरीज चुकूही शकते, आणि ती चुकायला मशीनच लागते असं नाही.

दोन गट वीस-तीस वर्षं ग्रामपंचायतीला, सोसायटीला, अगदी बांधाच्या भांडणातसुद्धा एकमेकांसमोर उभे असतात. वरचे नेते एका दिवसात गळ्यात गळे घालतात, खाली मात्र ज्याच्याविरुद्ध मागच्या पंचवार्षिकला पॅनल लावलं त्याच्याच उमेदवाराला बटण दाबायचं असतं. तो माणूस सभेला जातो, जेवण करतो, हात वर करतो, आणि आत कप्प्यामागे गेल्यावर काय करतो ते त्याचं त्याला माहीत. मोहिते पाटील गटातले जे 2019 ला सातपुतेंकडे गेले होते ते सगळेच्या सगळे 2024 ला जानकरांकडे परत आले असतील हे गृहीत धरायला काही आधार नाही. उलट्या बाजूनेही तेच, जानकरांच्या मागे जो माणूस अकलूजचा राग म्हणून उभा होता त्याला ही युती गोड लागली असेलच असं नाही.

लोकसभा आणि विधानसभेच्या मधल्या सहा महिन्यांत राज्यातही वारं फिरलं होतं. मे-जूनमध्ये महाविकास आघाडीने 48 पैकी 30 जागा घेतल्या आणि नोव्हेंबरमध्ये एकट्या भाजपला 132 आमदार मिळाले. मध्ये लाडकी बहीण आली, महिन्याला 1500 रुपये थेट बाईच्या खात्यात. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर ओबीसी आणि धनगर समाजात महायुतीच्या बाजूने गोळाबेरीज झाली हे राज्यभर बोललं गेलं. सातपुते विद्यमान आमदार होते, गावात कामं केली असा त्यांच्या लोकांचा दावा होता, आणि गावाने याआधीही भाजपला लीड दिलेलं आहे हेही भाजपच्या बाजूने ठासून सांगितलं गेलं. शिवाय लोकसभेला माळशिरस तालुक्यात धैर्यशील यांचं जे लीड होतं त्यापुढे जानकरांचं 13 हजार हे बरंच खाली आलेलं आहे, म्हणजे घसरण एकट्या मारकडवाडीत झाली नाही, ती तालुकाभर झाली.

लाडकी बहीणवर थोडं थांबतो, कारण गावाच्या हिशोबात हाच सगळ्यात कच्चा दुवा असतो. बूथचा अंदाज बांधतात कोण? पारावर, चहाच्या टपरीवर बसणारे पुरुष. ते मोजतात घरं. अमुक भावकी आपली, 40 मतं, तमुक वस्ती आपली, 70 मतं. त्या 40 मध्ये अर्ध्या बायका असतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं, घरचा कर्ता म्हणाला की झालं असं धरून चाललेलं असतं. हे पूर्वी बऱ्यापैकी चालायचंही. 2024 ला बाईच्या स्वतःच्या खात्यात स्वतःच्या नावाने पैसे आले आणि तिने वेगळं बटण दाबलं असेल तर ती घरी येऊन ते सांगणार आहे का? नाही सांगणार, आणि सांगायची गरजही नाही, तो तिचा हक्क आहे. मारकडवाडीत नेमकं असंच झालं असा माझा दावा नाही. पण घरं मोजून काढलेला अंदाज हा पुरावा होऊ शकत नाही, एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं.

मग शंका घ्यायचीच नाही का

घ्यायची. आणि इथे मी गावाच्या बाजूने आहे.

शंका आली तर साध्या मतदाराला ती तपासून घ्यायचा काय रस्ता आहे ते पाहिलं तर वाईट वाटतं. प्रत्येक मशीनला आता व्हीव्हीपॅट जोडलेलं असतं, आपण दिलेल्या मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली डब्यात पडते. म्हणजे कागद आहे. पण सगळ्या मतदारसंघातून फक्त 5 बूथच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात, आणि ते बूथही सोडत काढून निवडलेले. बाकी बूथच्या चिठ्ठ्या मोजा असा अर्ज उमेदवार किंवा त्याचा एजंट मतमोजणीच्या दिवशीच, निकाल जाहीर व्हायच्या आत करू शकतो, मान्य करायचा की नाही ते निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. आता जो उमेदवार एकूणात पुढे चाललाय त्याचा एजंट एका गावात 160 नी मागे पडलो म्हणून निकाल थांबवायला जाईल का?

दुसरा रस्ता सुप्रीम कोर्टाने 26 एप्रिल 2024 च्या निकालात दिला. बॅलेट पेपरची मागणी फेटाळली, पण म्हटलं की निकालानंतर 7 दिवसांत लेखी मागणी आली तर 5 टक्के मशीनच्या मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे आतल्या चिपची, मेमरी तपासून घेता येईल. मागणी कोण करू शकतं? दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरचा उमेदवार. म्हणजे माळशिरसमध्ये हा हक्क होता सातपुतेंना, ज्यांना मारकडवाडीच्या आकड्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. जानकर जिंकलेले, त्यांना हक्क नाही.

तिसरा रस्ता इलेक्शन पिटिशन, 45 दिवसांत हायकोर्टात. ही मात्र मतदारसंघातला कुठलाही मतदार करू शकतो. पण त्यात मागायचं काय, तर निवडून आलेल्याची निवड रद्द करा. म्हणजे मारकडवाडीच्या माणसाने आपल्याच जिंकलेल्या आमदाराविरुद्ध कोर्टात जायचं. असं कोण करेल.

तीनही दारं कायद्याने उघडी आणि तीनही या गावासाठी बंद. हे लिहिताना मला खरंच राग येतो, कारण गावातल्या बूथच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर, दोन्ही बाजूंच्या एजंटांसमोर मोजायला अर्धा दिवस पुरला असता. जेमतेम 1900 च्या आसपास चिठ्ठ्या. आकडा जुळला असता तर गाव गप्प बसलं असतं, नसता जुळला तर देशाला ते कळायलाच हवं होतं. त्याऐवजी जमावबंदी आणि गुन्हे. ज्या लोकांनी दगड मारला नाही, बस फोडली नाही, फक्त आम्हाला मोजून दाखवा म्हणाले, त्यांच्यावर केस हे कुठल्याही बाजूने बरोबर वाटत नाही.

पण परत मतदान हा उपाय नव्हता

समजा 3 डिसेंबरला पोलीस आले नसते आणि गावात बॅलेटवर मतदान झालं असतं. काय निघालं असतं त्यातून?

ज्या 1003 जणांच्या नावावर सातपुतेंचं मत आहे त्यांचा विचार करा. गावात आठ दिवस एकच वातावरण, निवडून आलेला आमदार या मतदानाच्या पाठीशी, सगळे कॅमेरे गावात, आणि आता मतपत्रिका घेऊन यायचं, तेही बहुतेक शेजाऱ्याच्याच हातातून. जो सातपुतेंचा उघड कार्यकर्ता आहे तो येणारच नाही, आणि त्यांच्यातल्या काहींनी तसं म्हटलंही, की आमचा या मतदानाला विरोध आहे. आणि जो गुपचूप मत देणारा आहे, तो आला काय किंवा नाही आला काय, दोन्हीत उघडा पडतो. नाही आला तर गाव म्हणणार हाच तो. म्हणजे त्या दिवशी जानकरांना 1400 मतं पडली असती तरी त्याने 20 नोव्हेंबरच्या खऱ्या मतदानाबद्दल काहीच सिद्ध झालं नसतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 94 मध्ये स्पष्ट आहे की कुणालाही मत कुणाला दिलं हे सांगायची सक्ती करता येत नाही. कायदा कोर्टालासुद्धा विचारू देत नाही ते गावाने विचारायला घेतलं होतं, हेतू कितीही चांगला असला तरी.

इथेच तो सुरुवातीचा प्रश्न परत समोर येतो. बूथवाइज आकडा. ईव्हीएम आल्यापासून प्रत्येक मशीनचं मत वेगळं मोजलं जातं, फॉर्म 20 मध्ये बूथनिहाय यादी छापून येते, निकालानंतर दोन दिवसांत प्रत्येक पुढाऱ्याच्या हातात ती असते. कुठलं गाव प्लस, कुठलं मायनस. मतपत्रिकांच्या काळात जिथे दमदाटीची भीती असेल तिथे बऱ्याच बूथच्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळायच्या आणि मग मोजायच्या अशी सोय होती, निवडणूक नियमात 59-अ म्हणून ती आहे. मशीन आली आणि मिसळणं गेलं. बॅलेट पेपर परत आणा म्हणणाऱ्यांनी आणि मशीनच बरी म्हणणाऱ्यांनीही हा मुद्दा जवळजवळ सोडूनच दिलाय.

याचा परिणाम काय होतो ते 2019 ला मनेका गांधींनी एका प्रचारसभेत स्वतःच सांगितलं होतं : ज्या गावातून 80 टक्के मतं मिळतात ते ए, 60 टक्के ते बी, 50 टक्के ते सी, त्याखाली डी, आणि कामं करताना आधी ए. आयोगाने त्यांना समज दिली. पण ही ग्रेड आपल्याकडेही प्रत्येक तालुक्यात चालते, फक्त स्टेजवरून कुणी बोलत नाही. रस्त्याचा निधी, डीपी, सभामंडप, कॅनॉलचं आवर्तन, सगळीकडे विचारलं जातं तुमच्या गावात लीड किती होतं. म्हणून मारकडवाडीच्या कार्यकर्त्यांची तगमग फक्त लोकशाहीच्या प्रेमातून आली असं मी म्हणणार नाही, आणि तसं म्हणायची गरजही नाही. आपला आमदार आला आणि त्याच्या यादीत आपलं गाव मायनस, याची भीती त्यात नक्कीच असणार. आता पाच वर्षं कुठल्या तोंडाने काम मागायला जायचं. ही भीती खरी आहे आणि ती गावाने नाही, या पद्धतीने तयार केली.

यावर उपाय कागदावर आहे. निवडणूक आयोगाने 2008 लाच टोटलायझर मशीन सुचवलं, बऱ्याच बूथची मशीन एकत्र जोडायची आणि फक्त एकत्रित आकडा बाहेर काढायचा. कायदा आयोगाने 2015 च्या 255 व्या अहवालात त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने मात्र सुप्रीम कोर्टात विरोध केला, बूथवाइज आकड्यांचा उमेदवारांना उपयोग होतो हे त्यातलं एक कारण. उपयोग होतोच, कसा होतो ते वर लिहिलंय.

यावर कुणी म्हणेल की टोटलायझर असता तर मारकडवाडीला शंकाच आली नसती, मग घोळ झाला असता तरी कळला नसता. हा आक्षेप खरा आहे, मी तो टाळत नाही. लपवलेला आकडा मताचं रक्षण करतो आणि उघडा आकडा मोजणीवर नजर ठेवायला मदत करतो, दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाहीत. पण यातली तपासणी चिठ्ठ्यांकडून करून घेता येते. मतदारांच्या ठरावीक संख्येने सह्या करून अर्ज दिला, मग उमेदवार जिंकलेला असो की हरलेला, तर शेजारच्या आठ-दहा गावांच्या चिठ्ठ्या एकत्र करून मोजा आणि मशीनच्या एकत्रित आकड्याशी ताडून बघा. घोळ असेल तर तिथेही दिसेल. आणि कुणाची बायको, कुणाची भावकी, कुठली वस्ती कुणीकडे गेली हे मात्र कुणालाच कळणार नाही, ना आमदाराला, ना कार्यकर्त्याला, ना पारावर मोजदाद करत बसलेल्यांना.

सध्या यातलं काहीच नाही. मारकडवाडीच्या आकड्यावर दोन सभा झाल्या, टीव्हीवर आठवडाभर चर्चा झाली, पण गावाच्या मागणीवरून त्या चिठ्ठ्यांचा डबा कुणी उघडून मोजला नाही. तालुक्यातल्या कुठल्याही गावात 1003 आणि 843 कुणालाही विचारा, दोन्ही आकडे लोकांना तोंडपाठ आहेत, आणि दोन्ही बाजू अजून तेच आकडे आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून सांगतात.